निवडणुकीला न्यायालयात आव्हान : कोणत्या टप्प्यावर, कोणत्या दारी आणि कोणत्या कागदांनिशी

निवडणुकीविषयीची तक्रार खरी असूनही न्यायालयात टिकत नाही, असे आपल्याकडे वारंवार घडते. बहुतेक वेळा त्याचे कारण एकच असते. तक्रार चुकीच्या वेळी, चुकीच्या न्यायालयात किंवा अपुऱ्या तपशिलासह केलेली असते. एरवीच्या दिवाणी दाव्यात विलंब माफ होतो, मजकूर दुरुस्त करता येतो, राहून गेलेला पक्षकार नंतर जोडता येतो. निवडणुकीच्या दाव्यात यातले फारच थोडे चालते, आणि त्यात मला अन्याय दिसत नाही. लाखो मतदारांनी दिलेला कौल सैल आरोपांवर टांगता राहू नये, हे त्यामागचे कारण आहे. म्हणूनच ज्याला खरोखर दाद मागायची आहे त्याने निवडणूक जाहीर होण्याच्या आधीपासूनच तयारीला लागले पाहिजे. उमेदवार, त्यांचे प्रतिनिधी, कार्यकर्ते आणि सामान्य मतदार यांनी कोणत्या टप्प्यावर काय करावे, याची मांडणी पुढे केली आहे. ती प्रामुख्याने लोकसभा आणि विधानसभेच्या निवडणुकांसाठी आहे. स्थानिक स्वराज्य संस्थांचा विचार शेवटी वेगळा केला आहे.

आधी समजून घ्यावा असा अडसर

राज्यघटनेच्या अनुच्छेद ३२९ च्या खंड (ख) मध्ये असे म्हटले आहे की संसदेच्या किंवा विधिमंडळाच्या कोणत्याही निवडणुकीला निवडणूक याचिकेखेरीज अन्य मार्गाने आव्हान देता येणार नाही. या वाक्यातील ‘निवडणूक’ म्हणजे केवळ मतदानाचा दिवस नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९५२ मध्येच स्पष्ट केले. मद्रास राज्यातील नामक्कल मतदारसंघात पोन्नुस्वामी यांचा उमेदवारी अर्ज छाननीत फेटाळला गेला, तेव्हा ते ताबडतोब उच्च न्यायालयात गेले. अर्ज चुकीने फेटाळला असेल तर मतदानापूर्वीच ती चूक दुरुस्त व्हावी, ही त्यांची मागणी ऐकायला अगदी रास्त वाटते. न्यायालयाने मात्र सांगितले की अधिसूचनेपासून निकाल जाहीर होईपर्यंतची सारी प्रक्रिया म्हणजे निवडणूक होय, आणि तिच्या मध्यावर कोणत्याही टप्प्याला स्वतंत्रपणे आव्हान देता येणार नाही. ज्याची तक्रार आहे त्याने निकालापर्यंत थांबावे आणि मग निवडणूक याचिका करावी.

हा निर्णय आजही पायाभूत आहे. त्यामुळे कोणत्याही तक्रारीबाबत पहिला प्रश्न असा विचारावा की अधिसूचना निघायची आहे, निघून गेली आहे, की निकाल लागला आहे. कोणते दार उघडे आहे ते या उत्तरावर ठरते.

अधिसूचनेपूर्वी : नियमांनाच आव्हान

तक्रार एखाद्या मतदारसंघातील घटनेबद्दल नसून नियमाबद्दलच असेल, तर अनुच्छेद २२६ खाली उच्च न्यायालयात किंवा अनुच्छेद ३२ खाली सर्वोच्च न्यायालयात रिट याचिका करण्याचा मार्ग असतो. भारतीय निवडणुकांचे स्वरूप बदलणारे बरेचसे निकाल याच वाटेने आले आहेत. उमेदवाराने आपल्यावरील गुन्हे, मालमत्ता आणि शिक्षण शपथपत्रावर जाहीर करावे, हा नियम २००२ च्या निकालातून आला आणि त्याला बगल देणारी कायद्यातील तरतूद २००३ मध्ये रद्द झाली. दोषसिद्धीनंतरही विद्यमान सदस्यांना अपात्रतेपासून मिळणारे संरक्षण जुलै २०१३ मध्ये गेले. ‘नोटा’चे बटण त्याच वर्षीच्या सप्टेंबरमधील निकालाने आले, तर मतदान यंत्राला कागदी पावतीची जोड टप्प्याटप्प्याने द्यावी, असे ऑक्टोबरमध्ये सांगितले गेले. निवडणूक रोखे १५ फेब्रुवारी २०२४ रोजी घटनाबाह्य ठरले.

अशी याचिका करू इच्छिणाऱ्याने दोन गोष्टी पाळाव्यात. आव्हान कशाला आहे, अधिनियमाला, त्याखालील नियमाला की आयोगाच्या एखाद्या सूचनेला, हे आधी नक्की करावे, कारण प्रत्येकाला आव्हान देण्याची कारणे वेगळी असतात. आचारसंहिता हा स्वतंत्र कायदा नाही, त्यामुळे केवळ तिचा भंग झाला म्हणून कोणाची निवड रद्द होत नाही. दुसरी गोष्ट वेळेची. नियम महिनोन्‌महिने अमलात असताना गप्प बसून निवडणूक तोंडावर आल्यावर स्थगिती मागितली, तर न्यायालय ती बहुधा देत नाही. मतदार याद्यांतील घोळांवरून निवडणूक रोखण्याचा प्रयत्न पश्चिम बंगालच्या प्रकरणात झाला होता. त्यावरील १९८५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने उच्च न्यायालयांना अशा आदेशांपासून दूर राहण्याचा इशारा दिला. मतदारसंघांच्या पुनर्रचनेच्या कायद्याची वैधता तर अनुच्छेद ३२९ (क) मुळे न्यायालयात तपासताच येत नाही. तेव्हा तिथे प्रारूप प्रसिद्ध झाल्यावर मुदतीत हरकत नोंदवणे हीच मुख्य संधी मानावी.

मतदार यादी : इथली हयगय पुढे भरून निघत नाही

निकालानंतर मतदार यादीतील घोळाबद्दल जितके बोलले जाते, त्याच्या एक दशांश हरकती जरी वेळेवर आल्या असत्या तरी पुष्कळ वाद टळले असते, असे माझे मत आहे. नाव नोंदवण्यासाठी नमुना ६, नावाला आक्षेप घेण्यासाठी किंवा नाव वगळण्यासाठी नमुना ७ आणि दुरुस्ती वा स्थलांतरासाठी नमुना ८ वापरला जातो. मतदार नोंदणी अधिकाऱ्याचा आदेश मान्य नसेल तर जिल्हाधिकाऱ्यांकडे, म्हणजे जिल्हा दंडाधिकारी या नात्याने, १५ दिवसांत पहिले अपील करता येते आणि त्यांच्या आदेशाविरुद्ध राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांकडे ३० दिवसांत दुसरे अपील करता येते. दिवाणी न्यायालयाला या विषयात अधिकार नाही. उमेदवारी अर्ज भरण्याच्या शेवटच्या दिवसाची मुदत संपली की त्या निवडणुकीपुरती यादी गोठते. त्यानंतर नाव घालता वा काढता येत नाही.

याचा अर्थ न्यायालये याद्यांकडे पाहतच नाहीत, असा नाही. बिहारमधील विशेष सखोल पुनरीक्षणाच्या, म्हणजे मतदार याद्यांच्या नव्याने पडताळणीच्या वेळी सर्वोच्च न्यायालयाने १४ ऑगस्ट २०२५ रोजी अंतरिम आदेश देऊन, प्रारूप यादीतून वगळलेल्या सुमारे ६५ लाख नावांची यादी कारणांसह प्रसिद्ध करायला आयोगाला सांगितले. पुनरीक्षणाला स्थगिती न देता ते पारदर्शक करणे, ही या आदेशामागची दिशा लक्षात घेण्याजोगी आहे. याद्यांबाबत मागणी करताना ‘थांबवा’ असे म्हणण्यापेक्षा ‘दाखवा आणि दुरुस्त करा’ असे म्हणणारी याचिका अधिक टिकते.

छाननी ते मतदान : न्यायालय थांबते, कागद थांबत नाहीत

छाननीच्या दिवशी प्रतिस्पर्ध्याच्या अर्जावर आक्षेप असेल तर तो तोंडी घेऊन भागत नाही. आक्षेप लेखी द्यावा, त्याची पोच घ्यावी आणि निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या निर्णयाची प्रमाणित प्रत त्याच दिवशी मागावी. स्वतःचा अर्ज फेटाळला गेला असेल तर कारणांसह आदेशाची प्रत मिळवणे अधिकच महत्त्वाचे. १९७७ च्या लोकसभा निवडणुकीत पंजाबमधील फिरोजपूरची मतमोजणी जमावाने उधळली आणि आयोगाने पूर्ण मतदारसंघात फेरमतदानाचा आदेश दिला. त्यावरील मोहिंदरसिंग गिल खटल्यात न्यायालयाने मध्येच हस्तक्षेप करायला नकार दिला, पण एक मौलिक तत्त्वही सांगितले. वैधानिक अधिकाऱ्याचा आदेश त्यात लिहिलेल्या कारणांवरच टिकला पाहिजे, नंतर शपथपत्रातून नवी कारणे जोडून तो तारून नेता येणार नाही. आदेशाची मूळ प्रत हाती असणे का मोलाचे असते, हे यावरून कळेल.

या काळात न्यायालयाचे दार पूर्ण बंद असते का? २००० मधील निवडणूक आयोग विरुद्ध अशोक कुमार या निकालाने त्याचे उत्तर दिले आहे. मागितलेली दाद निवडणुकीला अडथळा आणणारी, लांबवणारी वा तिच्यावर प्रश्नचिन्ह लावणारी असेल तर ती मिळणार नाही. परंतु निवडणूक सुरळीत पार पडावी म्हणून एखादा अडसर दूर करणे किंवा नष्ट होऊ शकणारा पुरावा जपणे एवढ्यापुरती मागणी असेल, तर न्यायालय ती ऐकू शकते. म्हणून या टप्प्यावर वकिलांना मसुदा सांगताना प्रार्थनेची भाषा अतिशय जपून ठरवावी.

मतदान आणि मतमोजणीचा दिवस

निवडणूक याचिकेचा निकाल पुष्कळदा या दोन दिवसांत प्रतिनिधींनी काय केले यावर ठरतो. मतदान संपल्यावर केंद्राध्यक्ष नोंदवलेल्या मतांचा हिशेब नमुना १७-सी मध्ये भरतात आणि त्याची खरी प्रत हजर असलेल्या मतदान प्रतिनिधींना देणे नियमाने बंधनकारक आहे. ही प्रत प्रत्येक केंद्रावरून घ्यावी. त्यावर यंत्रांचे क्रमांक आणि एकूण मते असतात, आणि मतमोजणीच्या टेबलावर आलेले यंत्र तेच आहे का, त्यातील आकडा तोच आहे का, हे ताडून पाहण्यासाठी सामान्य माणसाच्या हातातला तेवढाच कागद असतो.

एखाद्याच्या ओळखीबद्दल शंका असेल तर मतदान प्रतिनिधीने दोन रुपये रोख भरून आक्षेप घ्यावा. केंद्राध्यक्षाला तिथेच चौकशी करून निर्णय द्यावा लागतो. मतदार केंद्रावर पोहोचल्यावर त्याच्या नावे आधीच कोणी मत दिल्याचे आढळले, तर त्याला प्रदत्त मतपत्रिका मिळते. ही मते पाकिटात बंद राहतात आणि मोजली जात नाहीत. मात्र त्यांची संख्या केंद्रनिहाय टिपून ठेवावी. अटीतटीच्या लढतीत पुढे तीच कामाला येते.

मतमोजणीच्या शेवटी अधिकारी प्रत्येक उमेदवाराची एकूण मते जाहीर करतात आणि निकालपत्रावर सही करण्यापूर्वी थोडा वेळ थांबतात. फेरमतमोजणीचा अर्ज त्या क्षणी, लेखी आणि कारणांसह द्यायचा असतो. निकालपत्रक पूर्ण होऊन त्यावर सही झाली की ही संधी संपते. ‘फेरमोजणी हवी’ एवढेच लिहिलेला अर्ज फेटाळला जातो. अमुक फेरीत अमुक टेबलावरील अमुक केंद्राच्या यंत्राचा आकडा १७-सी शी जुळत नाही, असे लिहिलेल्या अर्जावर अधिकाऱ्याला कारणे नोंदवावीच लागतात.

यंत्रांबद्दल शंका असेल तर एक स्वतंत्र मार्ग २६ एप्रिल २०२४ च्या निकालाने खुला झाला आहे. सर्व कागदी पावत्या मोजण्याची मागणी न्यायालयाने नाकारली. तथापि दुसऱ्या आणि तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवारांना निकालानंतर सात दिवसांच्या आत लेखी मागणी करून विधानसभा क्षेत्रातील पाच टक्के यंत्रांच्या मेमरीची तपासणी करून घेता येते. खर्च मागणाऱ्याने भरायचा असतो आणि फेरफार आढळला तर तो परत मिळतो. पराभवाच्या धक्क्यात हे सात दिवस निसटून जातात. त्यामुळे अर्जाचा मसुदा आधीच तयार ठेवावा.

चित्रीकरणाची गोष्टही तितकीच तातडीची आहे. निवडणूक याचिका दाखल झालेली नसेल तर निकालानंतर ४५ दिवसांनी मतदान केंद्रांचे चित्रीकरण नष्ट करता येईल, अशा सूचना आयोगाने ३० मे २०२५ रोजी दिल्या आहेत. त्याआधी डिसेंबर २०२४ मध्ये निवडणूक संचालन नियमांतील नियम ९३ बदलून, नियमांत ज्यांचा उल्लेख नाही अशा इलेक्ट्रॉनिक नोंदी जनतेला पाहण्याचा मार्गही आवळला गेला. मतदाराच्या गोपनीयतेचे कारण त्यासाठी दिले जाते, पण या दोन्ही बदलांनी तक्रारदाराचे काम कठीण केले आहे, हे नोंदवणे भाग आहे. चित्रीकरण हवे असेल तर ते जतन करण्याची लेखी मागणी पहिल्याच आठवड्यात करावी.

४५ दिवस : याचिका दाखल करणे

लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ च्या कलम ८१ नुसार निवडणूक याचिका निकालापासून ४५ दिवसांत उच्च न्यायालयात दाखल करावी लागते. १९६६ पूर्वी हे काम निवडणूक न्यायाधिकरणांकडे होते. त्या मतदारसंघातील कोणताही उमेदवार किंवा कोणताही मतदार, मग त्याने मत दिलेले असो वा नसो, याचिकाकर्ता होऊ शकतो. विलंबमाफीचा कायदा इथे लागू नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७४ मध्येच ठरवले आहे. ४६ व्या दिवशी आजारपणाचे प्रमाणपत्र घेऊन गेले तरी उपयोग होत नाही. मोजणी करताना निकालाचा दिवसही धरावा, म्हणजे एक दिवस हाती राहतो, आणि शेवटच्या दिवसाला सुट्टी येते का हे पाहत बसण्यापेक्षा तिसाव्या दिवसापर्यंत याचिका तयार ठेवावी. मुंबई उच्च न्यायालयाच्या बाबतीत ती मुख्य पीठाकडे द्यायची की खंडपीठाकडे, हे प्रबंधक कार्यालयातून आधीच विचारून घ्यावे.

कलम ८६ मध्ये असे म्हटले आहे की कलम ८१, ८२ किंवा ११७ चे पालन झाले नसेल तर उच्च न्यायालयाने याचिका फेटाळलीच पाहिजे. इथे न्यायालयाला विवेकाधिकार नाही, म्हणून या तीन कलमांची तपासणी वकिलांवर सोडून न देता याचिकाकर्त्याने स्वतः बसून करावी. जितके प्रतिवादी असतील तितक्या प्रती लागतात आणि प्रत्येक प्रतीवर ‘ही खरी प्रत आहे’ असे लिहून याचिकाकर्त्याने स्वतः सही करायची असते. प्रतिवादी म्हणून विजयी उमेदवार हवाच. केवळ त्याची निवड रद्द करा एवढेच न मागता ‘मला विजयी घोषित करा’ असेही मागितले, तर निवडणूक लढवलेले उर्वरित सर्व उमेदवार पक्षकार करावे लागतात. तसेच कोणत्याही उमेदवारावर भ्रष्ट आचरणाचा आरोप केला असेल तर त्यालाही जोडावे लागते, मग त्याने अर्ज मागे घेतलेला असला तरी. एक नाव राहिले की याचिका संपते. खर्चापोटी २,००० रुपयांची अनामत याचिकेसोबतच उच्च न्यायालयात भरावी लागते. रक्कम किरकोळ आहे, पण तिची पावती नसेल तर बाकी सर्व व्यर्थ ठरते.

स्वतःला विजयी घोषित करण्याची मागणी करण्यापूर्वी आणखी एक विचार करावा. ती मागणी केली की विजयी उमेदवाराला कलम ९७ खाली प्रत्यारोप करता येतात, म्हणजे तुमची स्वतःची निवडणूकही तपासणीखाली येते.

कारण कोणते आहे ?

निवड रद्द करण्याची कारणे कलम १०० मध्ये दिलेली आहेत आणि त्याबाहेरचे कारण चालत नाही. विजयी उमेदवार पात्रच नव्हता, त्याने किंवा त्याच्या निवडणूक प्रतिनिधीने वा त्यांच्या संमतीने कोणी भ्रष्ट आचरण केले, किंवा एखादा अर्ज चुकीने फेटाळला गेला, यांपैकी काही सिद्ध झाले की निवड रद्द होते. याउलट एखादा अर्ज चुकीने स्वीकारला गेला, मते चुकीने घेतली वा नाकारली गेली, किंवा कायदा आणि नियम पाळले गेले नाहीत, अशी तक्रार असेल तर त्यामुळे निकालावर प्रत्यक्ष परिणाम झाला, हेही सिद्ध करावे लागते. बहुसंख्य याचिका या दुसऱ्या अटीवर अडतात.

ही अट किती कडक आहे ते उत्तर प्रदेशातील वशिष्ठ नारायण शर्मा यांच्या खटल्यातील आकड्यांवरून समजते. त्यांना १२,८६८ मते मिळाली होती आणि दुसऱ्या क्रमांकाला १०,९९६, म्हणजे अंतर १,८७२ मतांचे. ज्याचा अर्ज चुकीने स्वीकारला गेला असा आरोप होता त्या उमेदवाराने १,९८३ मते घेतली होती, म्हणजे अंतरापेक्षा १११ अधिक. तो रिंगणात नसता तर त्याची जवळजवळ सारी मते दुसऱ्यालाच गेली असती, हे पुराव्याने दाखवावे लागेल आणि तसे दाखवलेले नाही, असे सांगून सर्वोच्च न्यायालयाने १९५४ मध्ये निवड कायम ठेवली. तर्काने शक्य वाटणे आणि पुराव्याने सिद्ध होणे यांतील हे अंतर प्रत्येक याचिकाकर्त्याने ओळखले पाहिजे.

चुकीने स्वीकारलेला अर्ज खुद्द विजयी उमेदवाराचाच असेल, तर मात्र परिणाम वेगळा सिद्ध करावा लागत नाही. अंबरनाथ मतदारसंघातून २००४ मध्ये निवडून आलेले किसन कथोरे यांची निवड उच्च न्यायालयाने रद्द केली, कारण त्यांच्या शपथपत्रात विजेची थकबाकी आणि पत्नीच्या नावावरील मालमत्ता यांसारखी माहिती नव्हती. सर्वोच्च न्यायालयाने मे २०१४ मध्ये तो निर्णय कायम केला. मात्र शपथपत्रातील प्रत्येक त्रुटी निवड घालवतेच असे नाही. अरुणाचल प्रदेशातील तेजू मतदारसंघाच्या प्रकरणात एप्रिल २०२४ मध्ये न्यायालयाने सांगितले की उमेदवाराने प्रत्येक जंगम वस्तू जाहीर केलीच पाहिजे असे नाही. जी माहिती त्याच्या उमेदवारीच्या मूल्यमापनाला महत्त्वाची आहे, तिचे लपवणे गंभीर ठरते.

याचिकेचा मजकूर

कलम ८३ नुसार याचिकेत महत्त्वाच्या तथ्यांचे संक्षिप्त निवेदन हवे आणि भ्रष्ट आचरणाचा आरोप असेल तर नावे, तारीख, ठिकाण यांसह पूर्ण तपशील हवा. भेद प्रत्यक्ष पाहू. ‘मतदारसंघातील अनेक केंद्रांवर मोठ्या प्रमाणात बोगस मतदान झाले व त्याचा निकालावर परिणाम झाला’ हे वाक्य राजकीय भाषणात चालेल, पण याचिकेत त्याची किंमत शून्य आहे. त्याऐवजी केंद्राचा क्रमांक आणि ठिकाण, ज्यांच्या नावे मतदान झाले त्या मतदारांचे यादीतील अनुक्रमांक, ते मृत असल्याचा वा त्या दिवशी परगावी असल्याचा आधार, त्यावर कोणी, किती वाजता, काय आक्षेप घेतला, आणि अशी एकूण मते विजयाच्या अंतरापेक्षा किती अधिक आहेत, असे लिहावे लागते.

मुंबई वायव्य मतदारसंघात जून २०२४ मध्ये रवींद्र वायकर केवळ ४८ मतांनी विजयी झाले. अमोल कीर्तिकर यांच्या याचिकेत ३३३ प्रदत्त मतांचा मुद्दा होता, म्हणजे वादातील मते अंतरापेक्षा कितीतरी अधिक होती. तरीही त्या मतांचा निकालावर परिणाम कसा झाला याची आवश्यक तथ्ये मांडलेली नाहीत, असे म्हणत उच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये याचिका पुरावा नोंदवण्याआधीच फेटाळली. आकडा अनुकूल असणे पुरेसे नसते, तो आकडा निकालाशी जोडणारे प्रत्येक तथ्य लिहावे लागते, हे याहून स्पष्ट कोणते उदाहरण सांगणार?

भ्रष्ट आचरणाची व्याख्या कलम १२३ मध्ये आहे. लाच, गैरवाजवी दडपण, धर्म, वंश, जात, समाज वा भाषा यांच्या आधारे मतांचे आवाहन, उमेदवाराच्या खासगी चारित्र्याबद्दल खोटे विधान, मर्यादेबाहेरचा खर्च, सरकारी कर्मचाऱ्यांची मदत, मतदान केंद्र बळकावणे ही त्यातील मुख्य रूपे. असा आरोप असेल तर नमुना २५ मधील शपथपत्र जोडावे. हा आरोप फौजदारी स्वरूपाचा मानला जातो आणि तो संशयातीत सिद्ध करावा लागतो. सिद्ध झाला तर सहा वर्षांपर्यंत अपात्रता येऊ शकते. म्हणून दहा आरोप पातळ करून लिहिण्यापेक्षा दोन भक्कम आरोप ठेवावेत.

पुरावा : जालन्याचा धडा

२०१४ च्या विधानसभा निवडणुकीत जालन्यात अर्जुन खोतकर यांनी कैलास गोरंट्याल यांचा २९६ मतांनी पराभव केला. गोरंट्याल यांचे म्हणणे असे होते की खोतकरांचा अर्ज २७ सप्टेंबर २०१४ रोजी दुपारी तीनची मुदत उलटल्यावर दाखल झाला. निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या दालनातील कॅमेऱ्यांचे चित्रीकरण होते, पण न्यायालयात सादर झालेल्या तबकड्यांसोबत पुरावा अधिनियमाच्या कलम ६५-ब खालील प्रमाणपत्र नव्हते. ते वारंवार मागूनही संबंधित अधिकाऱ्यांनी दिले नव्हते. औरंगाबाद खंडपीठाने नोव्हेंबर २०१७ मध्ये निवड रद्द केली आणि सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२० रोजी अपील फेटाळले. मात्र त्याच निकालात असेही ठरले की मूळ उपकरण न्यायालयात आणलेले नसेल तर हे प्रमाणपत्र अनिवार्य आहे आणि तोंडी साक्ष त्याची जागा घेऊ शकत नाही. याचिका टिकली, ती चित्रीकरणाखेरीज अन्य पुरावाही होता म्हणून.

आज हीच तरतूद भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये आहे. भाषणाचे चित्रीकरण, व्हॉट्सअॅपवरील संदेश, केंद्रातील कॅमेऱ्याची नोंद, काहीही वापरायचे असेल तर ते ज्याच्या उपकरणात तयार झाले त्याच्याकडून प्रमाणपत्र मागावे. नकार मिळाला तर मागणीची पोच जपून ठेवावी आणि ते देण्याचा आदेश व्हावा असा अर्ज न्यायालयात करावा.

सुनावणी, विलंब आणि अपील

याचिका दाखल झाल्यापासून सहा महिन्यांत निकाली काढण्याचा प्रयत्न व्हावा, असे कायदा म्हणतो. वस्तुस्थिती पुष्कळ वेगळी आहे. सांताक्रूझच्या १९९० मधील विधानसभा निवडणुकीतून उद्भवलेल्या अभिराम सिंग खटल्यात ‘धर्माच्या आधारे आवाहन’ याचा अर्थ सात न्यायमूर्तींच्या पीठाने २ जानेवारी २०१७ रोजी चार विरुद्ध तीन मतांनी सांगितला. मतदाराच्या धर्माचाही त्यात समावेश होतो, हा निष्कर्ष महत्त्वाचा होता, पण तोवर आणखी पाच विधानसभा निवडणुका होऊन गेल्या होत्या. न्यायालयांनी आपल्या भूमिकेतील हा दोष दूर केला पाहिजे, कारण मुदत संपल्यावर रद्द झालेली निवड मतदाराला काहीच परत देत नाही. याचिकाकर्त्याने आपल्या बाजूने तारखा मागू नयेत, साक्षीदारांची यादी आटोपशीर ठेवावी आणि दैनंदिन सुनावणीच्या तरतुदीकडे न्यायालयाचे लक्ष वेधावे.

याचिका ही दोघांमधील खासगी भांडणाची बाब मानली जात नाही. ती मागे घ्यायला न्यायालयाची परवानगी लागते आणि कोणी तडजोड करून बाजूला झाला तर दुसरा पात्र मतदार त्याच्या जागी येण्याची विनंती करू शकतो. उच्च न्यायालयाच्या निर्णयाविरुद्ध ३० दिवसांत थेट सर्वोच्च न्यायालयात अपील होते आणि त्यात कायद्याबरोबर तथ्यांचाही विचार होतो. अपीलाबरोबर स्थगितीचा अर्ज करावा लागतो. १२ जून १९७५ रोजी अलाहाबाद उच्च न्यायालयाने इंदिरा गांधी यांची रायबरेलीतील निवड रद्द केली, तेव्हा पुढच्या साऱ्या घडामोडी अशाच स्थगितीभोवती फिरल्या. त्यानंतर पंतप्रधानांची निवडणूक न्यायालयांच्या कक्षेबाहेर नेणारी घटनादुरुस्ती झाली आणि ७ नोव्हेंबर १९७५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तिचा तो भाग रद्द केला. मुक्त आणि न्याय्य निवडणूक हा घटनेच्या मूलभूत संरचनेचा भाग आहे, हा विचार त्या निकालातून दृढ झाला.

ग्रामपंचायत ते महापालिका

स्थानिक निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो आणि तिथे अनुच्छेद २४३-ण आणि २४३-यछ मधील असाच अडसर लागू आहे. ४५ दिवसांचा हिशेब इथे विसरावा. महाराष्ट्रात ग्रामपंचायतीची निवडणूक याचिका दिवाणी न्यायाधीशांकडे निकालापासून १५ दिवसांत करावी लागते. जिल्हा परिषद आणि पंचायत समितीसाठीही मुदत १५ दिवसांचीच आहे. महापालिकांसाठी ती केवळ १० दिवसांची आहे, आणि ते दहा दिवस कोणत्या तारखेपासून मोजायचे हेही त्या अधिनियमात वेगळे सांगितलेले आहे. मुंबई महापालिकेच्या बाबतीत याचिका लघुवाद न्यायालयाच्या मुख्य न्यायाधीशांकडे जाते.

प्रभाग रचना, आरक्षण सोडत आणि निवडणुका लांबणे यांबद्दलच्या तक्रारी मात्र रिट याचिकेने उच्च न्यायालयात नेता येतात, अर्थात कार्यक्रम जाहीर होण्यापूर्वी. ओबीसी आरक्षणासाठीची तिहेरी चाचणी (आयोगाकडून मागासलेपणाची पाहणी, संस्थानिहाय प्रमाण ठरवणे आणि एकूण आरक्षण ५० टक्क्यांच्या आत ठेवणे) ४ मार्च २०२१ च्या निकालाने महाराष्ट्राला लागू झाली आणि त्यानंतर वर्षानुवर्षे रखडलेल्या निवडणुका चार महिन्यांत घेण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने ६ मे २०२५ रोजी दिला. पुढे ही मुदत ३१ जानेवारी २०२६ पर्यंत वाढली. निवडणूक थांबवण्यासाठी न्यायालयात जाणाऱ्याला सहसा नकार मिळतो. ती वेळेवर घ्यायला लावण्यासाठी जाणाऱ्याची बाजू अधिक बळकट असते, कारण पाच वर्षांची मुदत संपण्यापूर्वी निवडणूक घेणे हे आयोगाचे घटनात्मक कर्तव्य आहे, असे २००६ मधील अहमदाबाद महापालिकेच्या खटल्यातच ठरलेले आहे. अशी याचिका करताना आधीच्या सभागृहाची मुदत संपल्याची तारीख, प्रशासक नेमल्याचा आदेश आणि राज्य निवडणूक आयोगाशी झालेला पत्रव्यवहार सोबत जोडावा.